सावलीच्या बाजूचा फुटपाथ

एप्रिल-मेच्या दुपारी कुठल्याही मोठ्या चौकात लाल दिवा लागला की एक गोष्ट न चुकता घडते. दुचाकीवाले पांढऱ्या पट्ट्यापर्यंत जातच नाहीत. बरंच अलीकडे, जिथे एखाद्या करंजाची किंवा रेन ट्रीची सावली डांबरावर पडलेली असते, तिथे ते एकमेकांना खेटून उभे राहतात. पुढचा सगळा रस्ता रिकामा आणि तापलेला. मागून चारचाक्यांचे हॉर्न वाजतात. चौकातला हवालदार हात करून सगळ्यांना पुढे बोलावतो आणि तोही बोलावतो सावलीतूनच. हे तुम्ही पाहिलं आहे. बहुधा त्या घोळक्यात उभेही राहिला आहात. त्या दुचाकीवाल्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हवालदाराबद्दल तर नाहीच. तक्रार अशी आहे की चौकाची आखणी करताना सिग्नलचा खांब, कॅमेरा, जाहिरातीचा फलक, विजेची पेटी, सगळ्यांना जागा मिळाली. इथे माणसं उन्हात ताटकळणार आहेत, ही एकच बाब विचारात घ्यायची राहून गेली.

चहा घ्या. प्रकरण मोठं आहे आणि मला ते क्रमाने मांडायचं आहे.

प्रत्येक रस्त्याला दोन बाजू असतात. एका बाजूची झाडं कधीतरी गेलेली असतात, दुसऱ्या बाजूला थोडी उरलेली असतात. चालणारा माणूस साहजिकच उरलेल्या बाजूने जायला बघतो. पण सावलीच्या त्या फुटपाथवर आधीच रिक्षाथांबा असतो, चपला शिवणारे काका असतात, शहाळेवाला असतो, कुरिअरवाल्या पोरांच्या गाड्या असतात आणि बसची वाट बघणारी माणसं असतात, कारण बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर खाली बसणाऱ्याला भाजून काढतं. मग आपण खाली उतरून डांबरावरून, गाड्यांच्या अंगावरून चालतो. पूर्वी मला या सगळ्यांचा राग यायचा. आता येत नाही. भर उन्हात दिवसभर बसून पोट भरणाऱ्याने सावली सोडून कुठे जायचं? अख्ख्या रस्त्याला पुरेल एवढी झाडांची रांग असती तर हीच माणसं विरळ पसरली असती. वीस झाडांचं काम एका झाडावर पडलं की त्याच्याखाली गर्दी होणारच. आपण मात्र ती गर्दी अतिक्रमण म्हणून हटवतो आणि सावलीच्या टंचाईची नोंद कुठेच करत नाही.

ही टंचाई मोजता येते. बंगळुरूमध्ये हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडं असलेल्या आणि नसलेल्या रस्त्यांची तुलना केली. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडांच्या रस्त्यावर दुपारी हवेचं तापमान ५.६ अंशांपर्यंत कमी भरलं. डांबराच्या पृष्ठभागाचं तापमान २७.५ अंशांपर्यंत कमी भरलं. हा दुसरा आकडा मी अनेकांना ऐकवतो. लोक मान डोलावतात आणि पार्किंगच्या विषयाकडे वळतात. पण एकाच शहरात, एकाच दुपारी, दोन रस्त्यांच्या अंगात सत्तावीस अंशांचा फरक असू शकतो, म्हणजे एका रस्त्यावर म्हातारं माणूस भाजी आणायला जाऊ शकतं आणि दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. ज्यांना जाता येत नाही ते घरी बसतात. त्यांची कुठे गणना होत नाही, म्हणून या रस्त्यावर पादचारीच नाहीत असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या कामात फुटपाथ आणखी हातभर कापला जातो.

आता झाडावरच्या सर्वांत मोठ्या आरोपाकडे येतो. मोटार झाडाला धडकून चालक ठार, अशी बातमी तुम्ही किती वेळा वाचली असेल! झाड तिथे चाळीस वर्षं उभं होतं. जागेवरून हललं ते वाहन. तरी बातमीत आरोपीच्या जागी झाड येतं आणि दुसऱ्या दिवशी त्या वळणावरची झाडं काढा अशी मागणी होते.

या विचाराचं मूळ लांब आहे. १९६६ मध्ये जनरल मोटर्सचे केनेथ स्टोनेक्स हे अभियंते अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष द्यायला गेले. कंपनीच्या चाचणी-मैदानावर रस्त्याच्या कडेच्या सगळ्या वस्तू काढून टाकल्यामुळे गाडी भरकटली तरी कुणी मरत नाही, तेव्हा देशातले सगळे रस्ते तसेच करावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथून कडेला सुमारे तीस फुटांचा मोकळा पट्टा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. द्रुतगती मार्गावर ती योग्यच आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. तिथे फुटपाथ नसतो, शाळा सुटत नाही, कुणी दूध आणायला निघत नाही. शहरात मात्र गाडी भरकटली तर त्या मोकळ्या पट्ट्यात काय असतं? तिथे आपण असतो. झाड काढून गाडीला मोकळीक दिली, ती आपल्या अंगावर दिली.

एरिक डम्बॉ या अमेरिकन संशोधकाने २००५ मध्ये हेच तपासलं. फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात कलोनियल ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. त्याचा एक जुना भाग झाडं, दुकानं, कडेला उभ्या गाड्या असा दाटीचा, तर दुसरा नियमाबरहुकूम रुंद आणि मोकळा. पाच वर्षांच्या नोंदी बघितल्या तर दाटीच्या भागात अपघात कमी होते, जखमी कमी होते आणि मृत्यू एकही नव्हता. कारण समजायला फार अवघड नाही. कडेची झाडं नजरेच्या टोकाशी एकामागून एक मागे जातात, तेव्हा आपण किती वेगात आहोत हे चालवणाऱ्याला कळतं. डोक्यावर फांद्या मिटल्या की रस्ता अरुंद वाटतो आणि पाय आपसूक सैल पडतो. टेक्सासमध्ये बनावट रस्त्याच्या पडद्यासमोर लोकांना गाडी चालवायला लावली, तेव्हाही उपनगरी रस्त्यावर झाडं दाखवल्यावर त्यांचा वेग घटला. बोर्ड वाचून जे होत नाही ते झाड बघून होतं.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यात ३२,८२५ जण पायी चालणारे होते. आणि मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण म्हणून त्याच अहवालात अतिवेगाची नोंद आहे. म्हणजे वेग कमी करणारी जी काही वस्तू रस्त्यावर असेल ती सोन्याच्या मोलाने जपायला हवी. आपण ती घेर मोजून लाकडाच्या भावाने विकतो.

आमच्या भागातला एक रस्ता असाच रुंद झाला. दोन्ही कडांची पेल्टोफोरम गेली, उन्हाळ्यात पिवळ्या फुलांचा सडा पडायचा तो गेला. गाड्या सुसाट निघाल्या. मग शाळेसमोर गतिरोधक आला, दवाखान्यासमोर आला, मंदिरासमोर आला, मग एका वळणावर आडव्या पट्ट्यांची खडखडाट करणारी रांग आली. झाडं जे काम गुपचूप करत होती ते आता आमच्या पाठीचे मणके करतात. रुग्णवाहिकाही तिथे हळू होते. वाढवलेल्या रुंदीचं काय झालं हे तर तुम्ही न सांगताच ओळखाल. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या आहेत. वाहतुकीला जेवढा रस्ता आधी मिळत होता तेवढाच आजही मिळतो, फक्त सावलीच्या जागी पार्किंग आलं.

आणि फुटपाथवर चढणाऱ्या दुचाक्या! कडेला झाडांची रांग असली की दुचाकीला आत शिरायला वाट कमी सापडते आणि चालणाऱ्याला पाठीमागून येणाऱ्या गाडीपासून एक जाड, जिवंत आडोसा मिळतो. झाडं गेल्यावर फुटपाथ हा पर्यायी मार्ग होतो. त्यावर उपाय म्हणून स्टीलचे बुटके खांब निविदा काढून बसवले जातात. ते कधी इतके जवळ बसवतात की चाकाची खुर्ची, बाळाची गाडी आत जाऊ शकत नाही. दुचाकी तरीही जाते, कारण एक खांब कुणीतरी वाकवलेला असतो.

जी झाडं वाचतात त्यांचं पुढे काय होतं, तेही या तक्रारीत यायला हवं. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले असतात आणि फटीत सिमेंट ओतलेलं असतं. पाऊस बाजूने वाहून गटारात जातो, मुळांना थेंब मिळत नाही. दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच आदेश दिला होता की बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, झाडांवरचे खिळे, फलक, तारा उतरवा. एक मीटर म्हणजे फार नव्हे, एक लांब पाऊल. तेवढीही माती आपल्या झाडांना मिळत नाही. त्यात दरवर्षी केबलसाठी चर खणले जातात आणि चर नेमका बुंध्याशेजारून जातो, कारण तिथे पेव्हर ब्लॉक आधीच उचकटलेले असतात. एका बाजूची मुळं तुटतात. वर विजेच्या तारा असतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी एका बाजूच्या फांद्या सफाचट होतात. सगळा भार दुसऱ्या बाजूला. रोप लावताना घातलेला लोखंडी पिंजरा झाड मोठं झाल्यावर काढायचा असतो. तो कुणी काढत नाही. बाळपणी घातलेलं कडं कधीच न उतरवता मनगट जाड होऊ द्यावं, तशा त्या सळ्या खोडात रुतत जातात. पिंजऱ्यावरची सौजन्याची पाटी मात्र स्वच्छ वाचता येते.

मग जुलैत एका रात्री वारा सुटतो आणि ते झाड उभ्या गाड्यांवर कोसळतं. अग्निशमन दल येतं, करवत चालते, सकाळी रस्ता मोकळा. कागदावर कारण लिहिलं जातं: जोरदार वारा आणि पाऊस. चर कुणी खणला, मुळं कुणी तोडली, सिमेंट कुणी ओतलं, एकतर्फी छाटणी कुणी केली, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. उलट आसपासच्या सोसायट्यांतून अर्ज जातात, आमच्या दारातलं झाड धोकादायक आहे, तेही काढा. एका झाडाच्या पडण्याची शिक्षा उरलेल्या रांगेला होते.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची आहे. या कायद्यात झाड तोडणे या व्याख्येतच झाड जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. म्हणजे बुंध्यात सिमेंट ओतणं आणि खिळे ठोकणं हेही त्यात बसतं, असं मी मानतो आणि ठामपणे मानतो. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असं ठरलं. साठ वर्षांचं झाड गेलं तर साठ रोपं, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि त्यांची सात वर्षं निगा राखायची.

हे वाचून मला खरोखर आनंद झाला होता. दुःख पुढे आहे. ही साठ रोपं लागतात कुठे? जिथून झाड गेलं त्या रस्त्यावर जागा नसते. तिथे जागा हवी होती म्हणूनच तर झाड गेलं. म्हणून ती टेकडीवर, शहराबाहेरच्या भूखंडावर, एखाद्या मोकळ्या आवारात लागतात. टेकडीवर झाडं लागायलाच हवीत, पण ती टेकडीची म्हणून लागावीत. सावली गेली बसथांब्यावरच्या माणसाची आणि भरपाई मिळाली दहा किलोमीटरवरच्या माळाला. घर एकाचं पाडून मोबदला दुसऱ्याच्या नावावर जमा झाला, तर आपण कोर्टात जाऊ. सावलीच्या बाबतीत यालाच नियमपूर्ती म्हणतात. पुनर्रोपणाचीही हीच कथा. फांद्या छाटून ओंडका झालेलं झाड क्रेनने दुसरीकडे नेऊन पुरतात. समजा ते जगलं, तरी जिथली सावली गेली तिथे ती येत नाही.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीचा भाग आहे. आंबा-फणसाचं लाकूड उपयोगी असलं तरी त्यांना हात लावू नये, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, जीर्ण झालेलं झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं, असा त्याचा आशय. आरमार उभं करणाऱ्या राज्याला, ज्याची निकड कुठल्याही उड्डाणपुलापेक्षा कमी नव्हती, झाडाच्या वयाचा हिशोब जमत होता. तो आता का जमू नये, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगावं.

मी एका कार्यालयात जाऊन विचारलंही. आमच्या रस्त्यावरच्या झाडांचे बुंधे मोकळे करून द्या, एवढाच अर्ज होता. उद्यानवाल्यांनी पथ विभागाकडे पाठवलं, पथवाल्यांनी ठेकेदाराचं नाव सांगितलं, ठेकेदाराच्या माणसाने त्याला मिळालेलं कामाचं अंदाजपत्रक दाखवलं. तो माणूस सज्जन होता. त्याने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचून दाखवली. खोदाई, मुरूम, खडी, काँक्रीट, ब्लॉक, कर्ब, रंग. झाड तोडून मुळासकट काढण्याचा दरही होता, घेराप्रमाणे वेगवेगळा. उभ्या झाडाभोवती माती मोकळी ठेवण्याची ओळ नव्हती. मोकळ्या मातीचे पैसे मिळत नाहीत, ब्लॉक बसवले की चौरस मीटरवर मिळतात, तर बुंध्यापर्यंत ब्लॉक येणारच. त्या माणसाचा काय दोष?

माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ त्या अंदाजपत्रकात आहे. रस्त्यावरचं झाड हे रस्त्याचंच काम करतं. ते वेग कमी करतं, चालणाऱ्याला आडोसा देतं, डांबर थंड ठेवतं, बसथांब्याला छप्पर देतं. ते दुभाजकाइतकंच रस्त्याचं साधन आहे. पण रस्त्याच्या हिशोबात त्याची नोंद होते ती फक्त काढून टाकायची वस्तू म्हणून. उद्यान विभागाच्या हिशोबात ते शोभा म्हणून येतं. म्हणूनच हिरवळीचा सगळा उत्साह दुभाजकावर खर्च होतो. तिथे कण्हेर आणि बोगनवेल लावतात, भर वाहतुकीत टँकर उभा करून पाणी घालतात, आणि त्या झाडांच्या सावलीत बसायला कुणालाही जाता येत नाही.

हे सगळं वेगळं होऊ शकतं, याचे पुरावे आपल्याकडेच आहेत. दादरच्या पारसी कॉलनीत जा. मंचेरजी जोशींच्या प्रयत्नांतून ती वस्ती उभी राहिली, तेव्हा रस्ते आणि झाडं यांचा विचार एकत्र झाला. शंभर वर्षांनंतर आजही तिथे भर दुपारी चालता येतं आणि तिथे गाडी चालवणारा माणूस न सांगता हळू होतो. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावर गेल्या काही वर्षांत फुटपाथ रुंद करताना जुनी झाडं आत घेतली, त्यांच्याखाली बाकं ठेवली. संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळत नाही. लोकांना काय हवंय हे विचारायला वेगळं सर्वेक्षण कशाला लागतं? इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांतही निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळा चालण्याचा पट्टा धरलेला आहे, आणि झाडं, खांब, पेट्या यांना त्याच्या बाहेर, कडेला जागा द्यायची आहे. कडेला जागा द्या एवढंच तर झाडाचं म्हणणं आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. रस्त्याच्या प्रत्येक नकाशावर प्रत्येक झाड घेरासह दाखवावं आणि झाडांना धरून फुटपाथ आखावा. बुंध्याभोवतीच्या मोकळ्या मातीचा दर अंदाजपत्रकात असावा, म्हणजे ठेकेदारालाही तिचे पैसे मिळतील. केबलचा चर खणणाऱ्याने तोडलेल्या मुळांची जबाबदारी लेखी घ्यावी. झाड पडल्यावर त्याची मुळं तपासूनच कारण लिहावं. आणि ज्या रस्त्यावरून झाड गेलं, त्याच रस्त्यावर, त्याच फुटपाथवर भरपाई मिळावी. जागा नसेल तर पार्किंगच्या दोन गाड्यांआड एक खड्डा काढावा. तिथे भरपूर जागा आहे, मी बघून आलो आहे.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. झाड तोडायचं असेल तर कायद्यानुसार वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडाच्या दर्शनी भागावर नोटीस लावावी लागते. हरकत घ्यायला सात दिवस असतात. आमच्याकडे ती नोटीस भिंतीच्या बाजूला लावलेली सापडली, पानाएवढी, पावसात ओघळलेली. म्हणून रोज येता-जाता बुंध्याला पूर्ण वळसा घालून बघा आणि हरकत लिहिताना तारीख घालून पोच घ्या.